दादानं बुजवलेली भेग

आमच्या दादाला गल्लीत सगळे ‘काहीनाही’ म्हणतात. तोंडावर नाही म्हणत, पण त्यालाही ते ठाऊक आहे. त्याला काहीही विचारा, उत्तर ठरलेलं. शिडीवरून पडून मनगट वांग्यासारखं सुजलं होतं, तेव्हा काय झालं म्हणून विचारलं तर म्हणाला, काही नाही. त्याचा मुलगा परीक्षेत आपटला तेव्हाही काही नाही. मी त्याची धाकटी बहीण, लहानपणापासून हे ऐकत आले आहे, आणि खरं सांगते, कधीकधी त्याच्या तोंडावर हात ठेवून म्हणावंसं वाटायचं, अरे बाबा, काहीतरी असू दे की रे एकदा!

दादा रंगारी. रंग कुणीही फासतो, असं त्याचं म्हणणं, खरं काम लांबीचं. लांबी म्हणजे रंगाच्या आधी भिंतीतले खड्डे आणि भेगा बुजवायला लावतात ती पुट्टी. दादाचा हात असा, की त्यानं बुजवलेली भेग घरमालकालासुद्धा पुन्हा सापडू नये. काम झालं की डोळे मिटून भिंतीवरून तळवा फिरवायचा आणि म्हणायचा, “बोटाला लागली तर ती लांबी कसली?”

पण रंगाऱ्याच्या धंद्यात एक खोट आहे. त्याला भेग दिसली की ती बुजवायची एवढंच ठाऊक. ती का पडली, हे विचारायचं काम गवंड्याचं. दादानं हाच धंदा घरातही चालवला. सासू-सुनेचं वाजलं की हा दोघींना वेगवेगळं गाठणार, “अगं, ती तसं म्हणालीच नाही” असं सांगणार, आणि वर स्वतःच्या हातचा चहा पाजणार. ती तसंच म्हणाली होती हे दोघींनाही माहीत असायचं. पण चहा बरा असायचा, म्हणून भागायचं.

घर लहान. खाली स्वयंपाकघर आणि एक खोली, वर दोन खोल्या. खालची खोली दादाच्या डब्यांनी भरलेली. अर्धे रंग वाळून दगड झालेले, पण कुणी हात लावायचा नाही, कारण “लागतो कधी.” वर एका खोलीत मुलगा आणि सून, दुसरीत दादा आणि वहिनी. आणि दादा-वहिनींच्या खोलीबाहेर गॅलरी. पुढच्या दारावर छपरासारखी आलेली, खाली एकही खांब नाही, नुसती भिंतीतून बाहेर निघालेली.

ती गॅलरी म्हणजे वहिनीचं राज्य. एखाद्या घराचं काम संपलं की रंगाची रिकामी बादली घरी यायची. दादा तापवलेल्या सळईनं तिच्या बुडाला भोकं पाडायचा, वहिनी माती भरायची. काम वाढत गेलं तशा बादल्या वाढत गेल्या. गुलाब, पुदिना, मिरच्या, टोमॅटो, जाईचा वेल, आणि कोपऱ्यात एका पिंपात लिंबाचं झाड. पाय ठेवायला जागा नाही असं आपण उगीच म्हणतो, तिथं खरंच नव्हती. एक खुर्ची, आणि खुर्चीपर्यंत जायची वाट.

वहिनीचे गुडघे गेल्यापासून जिना तिला डोंगर झाला. मग ती खाली जाईना, तर गल्लीच वर येऊ लागली. येणारा-जाणारा खाली थांबून विचारायचा, “काकू, लिंबाची पानं पिवळी पडलीत हो.” ही कठड्यावरून सांगायची, “पाणी कमी कर. लाड करतेस तू झाडाचे. मुलाचेही करतेस, म्हणून तोही पिवळा पडलाय.” मातीत काय मिसळावं, ओल आलेल्या भिंतीला कपाट का टेकवू नये, नवऱ्याशी भांडण कधी काढावं आणि कधी गिळावं, असे सगळे सल्ले वरून खाली फुकट पडायचे. ती संध्याकाळची तासभर बोलायची, पाणी घालायची, हसायची. आणि ती वर असेपर्यंत दादा चहाचा कप घेऊन खाली दारात उभा असायचा, मान वर करून. बायका खुसखुसायच्या. मीही चिडवायचे, “काय रे, या वयात पहारा?” तो म्हणायचा, “काही नाही, वारं घेतोय.”

आता एक गोष्ट, जी मला नंतर कळली, पण तुम्हाला आत्ताच सांगून टाकते. गॅलरी जिथं घराला जोडलेली होती, तिथं उंबरठ्याला लागूनच सिमेंटच्या कोब्यात भेग पडली होती. या टोकापासून त्या टोकापर्यंत. दादानं ती बुजवली. ती पुन्हा उघडली. त्यानं पुन्हा बुजवली, कोब्याच्या रंगाचा रंग घोटून वर चढवला, घासून गुळगुळीत केली, आणि त्यावर पायपुसणं टाकलं. घरातल्या कुणालाही पत्ता नव्हता. वहिनी रोज त्या पायपुसण्यावरून पलीकडे जात होती.

त्या रविवारी सकाळी सुनेचा फोन आला. बिचारी पोटुशी, दिवस भरत आलेले, आवाज रडवेला. “आत्या, तुम्ही याच. आई गॅलरीत खुर्ची टाकून बसल्यात. उठतच नाहीत.”

भानगड मला ठाऊक होती. आमचा भाचा म्हणजे घरचा सल्लागार. घर कसं सुधारावं याबद्दल मोबाइलवर जे जे सांगतात ते त्याला तोंडपाठ, खिळा मात्र आजवर सरळ ठोकलेला नाही. बाळासाठी जागा हवी, हे त्याचं खरंच होतं. त्यावर त्यानं काढलेला तोडगा म्हणजे गॅलरीतल्या बादल्या काढायच्या, तिला काचा लावून बंद करायचं आणि खोली करायची. वहिनीनं नाही म्हटलं. त्यानं काचवाल्याला मापं घ्यायला बोलावलं. तेव्हा वहिनीनं खुर्ची धरली.

मी पोचले तर दादा खाली दारात, शिडीवर चढलेला. गॅलरीच्या पोटाला रंग देत होता. अंगात इस्त्रीचा शर्ट.

“रविवारी? या कपड्यांत?” मी विचारलं.

“काही नाही. जरा डाग पडला होता.”

डाग तांबूस होता, गंजाचा, आणि एक नव्हता. पांढऱ्या रंगाच्या आतून ते जागोजागी डोकं वर काढत होते. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. शिडीच्या पायाशी गिलाव्याचा तळहाताएवढा पोपडा पडला होता. दादानं खाली उतरून तो पायानं बाजूला सारला. मी उचलला. मागची बाजू गंजानं माखलेली, आणि त्यात लोखंडाची पातळ खपली चिकटून आलेली.

“दादा, हे काय आहे?”

“काही नाही गं.” पण त्याच्या ब्रशमधून रंगाचे थेंब त्याच्या चपलेवर पडत होते. या माणसाचा ब्रश गळताना मी उभ्या जन्मात पाहिला नव्हता.

मी जिना चढले. वहिनी गॅलरीत कठड्याजवळ बसलेली, मांडीवर कात्री, बाजूला पाण्याची बादली. भाचा खोलीत येरझाऱ्या घालत होता. सून पलंगाच्या कडेला बसली होती.

“या वन्सं,” वहिनी म्हणाली. “तुम्हालाही बोलावलं का माझी समजूत काढायला? बसा आत. मी इथून उठणार नाही. उठले की हा बादल्या उचलेल.”

“आई, असं हट्टाला पेटून चालतं का? बाळ कुठं झोपवायचं, सांग ना!”

“तुला झोपवायला कुठली खोली होती रे? माझ्या कुशीत झोपायचास, आणि घोरायचास.”

ती बोलताबोलता शेजारच्या गुलाबाला तांब्यानं पाणी घालत होती. बादलीखालून पाणी वाहिलं आणि मी बघत राहिले. आजवर त्या गॅलरीतलं पाणी भिंतीकडच्या कोपऱ्यात, पन्हळीच्या भोकाशी जायचं. आता ते तिथं गेलं नाही. ते वळलं, सावकाश बाहेरच्या बाजूला गेलं आणि कठड्याच्या बुडाशी, वहिनीच्या पायांपाशी साचलं.

“वहिनी, पाणी त्या बाजूला कधीपासून जायला लागलं?”

“बरेच दिवस झाले. यांना म्हटलं तर म्हणाले, कोबा झिजलाय, काही नाही.”

हातातला पोपडा, आणि डोळ्यांसमोर ते पाणी. मला जे समजायचं ते समजलं, गॅलरी रस्त्याकडे कलत चालली होती. ओरडावं तर ती दचकून उठेल, गप्प बसावं तर काय होईल देव जाणे. मी वळले तर दादा दारात उभा. तो माझ्या मागोमाग वर आला होता. त्यानं माझ्या हाताकडे पाहिलं, मग माझ्या तोंडाकडे, आणि नजर खाली घातली. त्याला माहीत होतं. माझ्या आधीपासून माहीत होतं.

तेवढ्यात भाच्याचा संयम सुटला. “पुरे झालं. मी आणतो बादल्या आत,” असं म्हणून त्यानं उंबरठ्यापलीकडे पाय टाकला.

“मागे हो!”

हा आवाज दादाचा. मी त्याची सख्खी बहीण, पण हा आवाज मी ओळखला नाही. भांडी घासायला बसलेल्या शेजारणीसुद्धा म्हणे थबकल्या. भाचा पाय हवेत धरून उभा राहिला. दादानं त्याची कॉलर धरून त्याला आत ओढलं, इतक्या जोरात की तो पलंगावर आपटला.

“कुणी पाऊल टाकायचं नाही तिकडे,” दादा म्हणाला. मग सुनेकडे वळला. “सूनबाई, तू मागच्या दारानं बाहेर पड. पुढच्या दारापाशी कुणाला उभं राहू देऊ नकोस. आणि पळू नकोस, सावकाश जा.” ती सावकाश जिना उतरली.

मग तो वहिनीला म्हणाला, “अगं, आत ये. हळूच.”

वहिनीनं कात्री मांडीवरून उचलून कठड्यावर ठेवली. “का?”

“गॅलरी धोक्याची झालीय.”

“कधी झाली?”

दादानं पायपुसण्याकडे पाहिलं.

“सांगा की. काल संध्याकाळी तर मी इथंच होते. परवा विचारलं पाण्याचं, तर काही नाही म्हणालात. आज काचवाला यायचा म्हटल्यावर गॅलरी धोक्याची झाली?” तिनं मुलाकडे बोट केलं. “मुलानं सांगितलं असतं तर मी समजू शकले असते. तुम्हीही त्याच्या बाजूनं झालात?”

“भेग पडलीय. इथं, उंबरठ्याशी.”

“दाखवा.”

दादानं वाकून पायपुसणं ओढून घेतलं. खाली सपाट, स्वच्छ, गुळगुळीत कोबा. केसाएवढीही रेघ नाही. वहिनी मान तिरकी करून पाहत राहिली, आणि मग हसली. असं हसू मला पुन्हा कधी बघायला मिळू नये.

“माझे गुडघे गेलेत, डोळे नाहीत गेले,” ती म्हणाली आणि तोंड रस्त्याकडे फिरवून बसली.

आयुष्यभर ज्या हातांची लोकांनी वाखाणणी केली, त्या हातांनी आपल्या मालकाला असं तोंडघशी पाडलं. दादाचं तोंड पांढरं पडलं. मग मला म्हणाला, “पत्ती आण. पलंगाखालच्या पेटीत आहे.”

पत्ती म्हणजे लांबी लावायची पोलादी पात्याची सुरी. मी आणून दिली. दादा खोलीच्या जमिनीवर पालथा पडला, छाती उंबरठ्याच्या आत, फक्त हात पलीकडे, आणि स्वतःचंच काम खरवडायला लागला. ते निघेना. इतकं पक्कं बसवलेलं, इतकं घासलेलं. पत्ती घसरत होती. तो अंदाजानं एका जागी टोक रोवायचा, हातानं ठोकायचा, फुंकर मारायचा, पुन्हा रोवायचा. बोटं सोलवटली. भाचा म्हणाला, “बाबा, हातोडी आणू?” दादा म्हणाला, “ठोकायचं नाही. हादरा बसता कामा नये.” त्या खोलीत पत्तीच्या करकरीशिवाय दुसरा आवाज नव्हता. वहिनी पाठ करून बसलेली. मला वाटत होतं, ही बाई वळून बघणारच नाही, आणि आपण सगळे इथं असेच बसून राहणार, जे व्हायचं ते होईपर्यंत.

आणि मग एक तुकडा निघाला. त्याच्यामागून बोटभर रुंदीची लांबच लांब पट्टी उचकटून वर आली, वाळलेल्या सालीसारखी. आत काळी फट. दादानं पत्ती तिच्यात उभी सोडली. पातं आत गेलं, सगळं गेलं, लाकडी मूठ कोब्याला टेकली तेव्हा थांबलं.

“अगं, बघ,” तो म्हणाला. नुसतं एवढंच.

वहिनी वळली. तिनं ती मूठ पाहिली. तिचा हात आपोआप खुर्चीच्या दांड्यावर घट्ट झाला. आता ती येणार हे मला कळलं, आणि ती येऊ शकत नाही हेही कळलं. आधाराशिवाय खुर्चीतून उठणं तिला जमत नव्हतं, आणि आधार द्यायला पलीकडे जायची सोय नव्हती.

“रोलरची काठी,” दादा म्हणाला. उंच भिंतींसाठी रोलरला लावायची ती लांब काठी दाराआड उभी असायची. भाच्यानं ती दिली. दादा उंबरठ्याच्या आत गुडघ्यांवर बसला आणि काठी पुढे केली. मी आणि भाच्यानं मागून त्याची कंबर धरली.

“दोन्ही हातांनी धर. झटका देऊ नकोस. मी ओढतो तशी उठ.”

“माझा लिंबू…”

“लिंबू गेला खड्ड्यात! उठ!”

ती उठली. एक पाऊल, काठी घट्ट धरून. दुसरं पाऊल. बादल्यांमधली ती वाट मी कितीदा पाहिली असेन, पण ती इतकी लांब आहे हे मला माहीत नव्हतं. मधेच तिचा पदर गुलाबाला अडकला. “सोड, फाटू दे,” दादा म्हणाला. पदर टरकला. आणि त्याच वेळी खालून, भिंतीच्या पोटातून ‘कट्’ असा आवाज झाला. मोठा नव्हता. सुपारी फुटल्याएवढा.

दादानं काठी टाकली, हात पुढे केले, आणि तिचे दोन्ही खांदे धरून तिला उंबरठ्याच्या आत ओढलं. दोघंही आमच्या अंगावर पडली. मी खाली, माझ्यावर वहिनी. एरवी मी यावर महिनाभर विनोद केले असते.

गॅलरी पडली नाही. ती तशीच उभी होती, गुलाबाला पदराचा तुकडा लटकत होता.

वहिनी जमिनीवर भिंतीला टेकून बसली. तिनं दादाची सोललेली बोटं पाहिली. मग म्हणाली, “केव्हापासून?”

“तुझे गुडघे गेले, त्याच्या आधीपासून.”

“आणि बोलला नाहीत.”

“आधी वाटलं, भरली की झालं. मग तुझं खाली जाणं बंद झालं. मग… तुला दुसरं काय होतं?” दादानं तोंड फिरवलं. “कसं सांगणार होतो?”

“म्हणजे मी रोज त्या भेगेवरून चालत होते. तुम्हाला ठाऊक असताना.” आता तिला राग आला. खरा राग, जो यायलाच हवा होता. “रोज मला तिथं पाठवत होतात, आणि स्वतः खाली उभे राहून चहा पीत होतात!”

“हो. खाली उभा असायचो.”

“कशाला? झेलणार होतात मला?”

दादानं मान हलवली. झेलणार नव्हता, हे त्यालाही कळत होतं. तो हळू आवाजात म्हणाला, “पडलीच, तर एकटी नको पडायला म्हणून.”

वहिनीनं हात उचलला. मला वाटलं आता मारते. तिनं मारलंही, छातीवर, एकदा, मग पुन्हा, आणि मग त्याच्याच शर्टात तोंड खुपसून रडली. मी आणि भाचा उठून जिन्यात जाऊन बसलो. भाचा ढसाढसा रडत होता, मी त्याला गप्प केलं नाही.

दुसऱ्या दिवशी दादाचा जुना सोबती, गवंडी, आला. त्यानं खालून टेकू लावले, दोर सोडून बादल्या उतरवल्या आणि गॅलरी तोडली. आतले गज हातात चुरा होऊन येत होते. जाताना तो दादाच्या पाठीवर हात ठेवून गेला.

खालच्या खोलीतले डबे भंगारात गेले. “लागतो कधी” म्हणायची दादाची हिंमत झाली नाही. तिथं आता वहिनीचा आणि त्याचा पलंग आहे, दार थेट मागच्या अंगणात उघडतं, आणि अंगणात बादल्या ओळीनं मांडल्यात. वर त्यांच्या जुन्या खोलीत नात झोपते. म्हणजे जागा होतीच. वाळलेल्या रंगांनी अडवलेली.

परवा गेले होते. वहिनी अंगणात लिंबाखाली बसून कुणालातरी खत कसं घालावं ते सांगत होती. दादा दारात चहा घेऊन उभा होता, पाय जरा ओढत. मी विचारलं, “काय रे, काय झालं?”

“काही न…” त्याचं वाक्य तिथंच अडकलं. वहिनी बोलायची थांबून त्याच्याकडे बघत होती.

“पाय दुखतोय,” तो म्हणाला. “दोन दिवसांपासून. आणि तुझी वहिनी अजून माझ्यावर रागावलेली आहे.”

“आहेच,” वहिनी लिंबाखालून म्हणाली. “इकडे या, पाय दाखवा.”